अंगठ्याची जागा

पौषाची सकाळ. पंचगंगेवर धुक्याची दुलई अजून पसरलेली. घाटाच्या काळ्या पायऱ्या अर्ध्या वाटेवर पांढऱ्या शून्यात उतरून नाहीशा झालेल्या. सूर्य उगवला होता. पण त्याच्या प्रकाशाला रंग होता, ऊब नव्हती. फिकट, केशरी, संकोची असा तो प्रकाश कोल्हापूरच्या कौलांवरून घरंगळत, गल्लीगल्लीत थबकत, शुक्रवार पेठेतल्या एका घराच्या न्हाणीघरात शिरला आणि फडताळातल्या पत्र्याच्या डब्यावर येऊन टेकला.

कुमुदिनीने डबा खाली घेतला. दोन वर्षे तो तिथेच होता. दोन वर्षे ती रोज तोंड धुताना त्याच्याकडे पाहत होती, आणि रोज न पाहिल्यासारखे करत होती.

डब्यात एक नॅपकिन होता. नॅपकिनच्या घडीत तिच्या वडिलांचा, आबांचा, दाढीचा रेझर.

एके काळी तो रुपेरी होता. आबा मोजणीदार म्हणून सरकारी नोकरीत लागले त्या वर्षी त्यांनी तो मुंबईहून मागवला होता. पितळेच्या देहावर निकेलचा मुलामा. वर वाकलेली टोपी, मध्ये दातेरी पट्टी, खाली बारीक खाचांचा दांडा. पात्याला कुशीत घेऊन तिघेही एकमेकांत फिरकीने घट्ट बसणारे. राधानगरीच्या रानात, गगनबावड्याच्या पावसात, भुदरगडाच्या ओसाड माळांवर, जिथे जिथे साखळी घेऊन आबा जमिनी मोजत हिंडले, तिथे तिथे तो त्यांच्या पिशवीतून हिंडला. मुक्काम तंबूत असो की चावडीत, पहाटे वाटीत साबणाचा शुभ्र फेस उठायचा, आरसा बाभळीच्या फांदीला लटकायचा, आणि सूर्य वर येण्याआधी आबांचा चेहरा उगवायचा: गव्हाळ, गुळगुळीत, एकही खुंट न राहिलेला.

आता तो रेझर काळवंडला होता. सांध्यांतून हिरवा थर चढला होता. टोपीच्या आणि पट्टीच्या फटीत सुकलेल्या साबणाची पांढरी खपली धरली होती.

ती खपली त्या सकाळची होती.

त्या सकाळी आबांचा अर्धाच चेहरा झाला होता. डावा गाल स्वच्छ, उजवा फेसात. आणि त्यांचा उजवा हात हवेत थांबला, थरथरला, आणि दुसऱ्याच कुणाचा असावा तसा खाली पडला. रेझर फरशीवर खणकन वाजला. कुमुदिनीने धावत येऊन वडिलांना सावरले, शेजाऱ्यांना हाका मारल्या. आणि इस्पितळात निघताना, का ते तिलाही कळले नाही, तो रेझर उचलून नॅपकिनमध्ये गुंडाळला आणि डब्यात टाकला. न धुता.

दीड महिन्याने आबा घरी आले. शब्द गेले होते, उजवे अंग गेले होते. उरला होता डावा हात, आणि दोन करडे, जागे डोळे.

चौकातला सलूनवाला दत्ता दर रविवारी घरी येई, झटपट दाढी करून जाई. पण आबा रविवारचे नव्हते. आबा रोजच्या पहाटेचे होते. मंगळवार उजाडला की त्यांचा डावा हात हळूहळू गालाकडे चढे. गालावरच्या पांढऱ्या खुंटांवरून तो उलटा फिरे, पुन्हा फिरे, आणि डोळे खिडकीकडे वळत. कोणी पाहू नये म्हणून.

मग तो सोमवार आला. आदल्या रविवारी दत्ता परगावी गेला होता. आबांची दाढी आठवडाभराची झाली होती. त्यांनी बोटाने न्हाणीघरातल्या फडताळाकडे दाखवले. कुमुदिनीला आधी कळेना. पाण्याचा तांब्या? औषध? शेवटी तिने तो डबा आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. एका हाताने, खटपट करत, आबांनी नॅपकिन सोडला. रेझर उचलला. तिच्या तळव्यात ठेवला. आणि मग तिची बोटे, एकेक करून, त्यावर मिटवली.

त्यांच्या नजरेत आज्ञा नव्हती. आर्जव होते, आणि आर्जवाची सवय नसलेल्या माणसाची लाज होती.

कुमुदिनी तेव्हा मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती. त्या आठवड्यात शाळेची तपासणी होती. दप्तरे अपुरी होती, घड्याळ पुढे पळत होते. हे सगळे खरे होते. पण त्याहून खरे, त्याहून खोल असे एक काही होते. लहानपणी ती याच गालांवर गाल घासून खिदळली होती. मग ती मोठी झाली. आणि मुलगी मोठी झाली की बापाचा चेहरा तिच्या हातांपासून दूर जातो, कधी गेला ते कोणालाच कळत नाही. चाळीस वर्षे तिने त्या चेहऱ्याला हात लावला नव्हता. आता लावायचा, तोही पाते घेऊन, या विचाराने तिचा हात आखडला.

"उद्या करू या हं, आबा," ती म्हणाली. "आज तपासणी आहे. उद्या नक्की."

आबांनी मान हलवली. ते नेहमीच समजूतदार होते.

मंगळवारी ती म्हणाली, उद्या. बुधवारी, दारातून, चपला घालता घालता म्हणाली, उद्या. किती हलका शब्द! दव जितके हलके, पीस जितके हलके. जिभेवर ठेवला तर जाणवतही नाही. तीन दिवस तिने तो वडिलांच्या उशाशी ठेवला, एकावर एक.

गुरुवारी पहाटे आबा उठलेच नाहीत.

गावाहून त्यांचे धाकटे भाऊ, तात्या, आले. भावाचा चेहरा पाहून ते उंबऱ्यातच थांबले. मग म्हणाले, "दादा असल्या दाढीनं कधी घराभाईर पडला न्हाई. आज बी पडायचा न्हाई. बोलवा कुणाला तरी."

दत्ता आला. घाईत होता, माणसे खोळंबली होती. त्याने स्वतःच्या वस्तऱ्याने भराभर दाढी उतरवली. आणि हनुवटीखाली एक बारीक काप पडला.

रक्त आले नाही.

कुमुदिनीने तो काप पाहिला. चिता विझली, दिवस झाले, माणसे पांगली; पण रक्त न आलेला तो काप तिच्या आत तसाच राहिला, कोरडा, उघडा, न मिटणारा.

आणि आज, या धुकट सकाळी, तिने डबा उघडला होता. तिला निवृत्त होऊन वर्ष झाले होते. आता घंटा नव्हती, तपासणी नव्हती; वेळ होता, मोकळा, अमाप, काम सरल्यावर आलेला वेळ. तिच्या मनाने घेतले होते, की हा रेझर पुन्हा रुपेरी करायचा. आबांनी हातात दिला होता त्याच्याही आधीचा, फरशीवर पडला त्याच्याही आधीचा. कोवळा, कोरा, निष्कलंक.

तिने रिठ्याचे कोमट पाणी केले. जुना ब्रश घेतला. फिरकी घट्ट बसली होती. ती हळूहळू सैल केली, तिन्ही भाग सुटे केले, खपलीवर पाणी सोडले आणि घासू लागली. साबण मऊ झाला. दोन वर्षांनी पुन्हा फेस झाला. त्या फेसाला अजून मंद चंदनी वास होता, आणि त्या वासाने ती क्षणभर सुखावली.

मग तिला दिसले. फेसात बारीक, पांढरे, सुईच्या टोकाएवढे काहीतरी तरंगत होते. कण कण. खुंट खुंट.

आबांचे केस.

तोवर पाणी उताराला लागले होते. तिने घाईघाईने बोटे आडवी धरली, ओंजळ केली, फरशीवर वाकली. ओंजळीत फेस आला, फेस विरला, उरले रिकामे ओले तळवे. दोन वर्षे जे कोरडे, घट्ट, सुखरूप राहिले होते, ते तिच्या मायेने एका मिनिटात वाहून नेले होते.

ती बराच वेळ तशीच उकिडवी बसून राहिली. मग रेझर पुसला, पिशवीत घातला आणि बाहेर पडली. जणू आता मागे वळायला काही उरलेच नव्हते.

गुजरीच्या मागच्या बोळात मुल्लाणी चाचांचे मुलाम्याचे दुकान आहे. दुकान कसले, काळोखाची एक अरुंद पट्टी. आत आम्लाचा उग्र दर्प, तारांना टांगलेली पैंजणे आणि पूजेची उपकरणी, भिंतीशी घासायचे चाक, आणि अगदी आत, लांबट हौदात, निकेलचे पाणी: हिरवे, गर्द, निश्चल; पाचूच्या पोटात पाहावे तसे.

चाचांनी रेझर हातावर तोलला. सत्तरीचे गृहस्थ; बोटे काळी, नजर स्वच्छ.

"जुना माल हाय, बाई. असलं पितळ आता बघायला मिळत न्हाई. कुणाचा?"

"माझ्या वडिलांचा. नव्यासारखा करून द्या."

"करतो की. खरं हितं बघा." त्यांनी दांडा दाराच्या उजेडात धरला. दांड्याच्या मधोमध, एका बाजूला, खाचा पार झिजून गेल्या होत्या. निकेल उडाले होते. खालचे पितळ लंबगोल, मऊ, किंचित खोलगट होऊन उघडे पडले होते, आणि उजेडात ते मधासारखे उजळले. "ही अंगठ्याची जागा. एकाच माणसानं, एकाच पकडीनं, रोजच्या रोज धरल्याबिगर असं झिजत न्हाई. किती वर्सं वापरला?"

"बावन्न."

"बावन्न वर्सं!" चाचांनी दांडा पुन्हा उजेडात फिरवला. "मुलामा चढवायचा म्हंजे आधी घासून सगळं सारखं कराय लागतंय. खाचा नव्यानं पाडाय लागतील. ही जागा जाणार. नुसता पुसून लख्ख करून दिला तरी चालंल बघा. इचार करून सांगा."

कुमुदिनीने रेझर हातात घेतला. त्या खोलगट जागेवर आपला अंगठा ठेवला. जागा मोठी होती, अंगठा लहान. तो त्यात बसला, मावला, हरवला. लहानपणी बाजारात त्यांच्या मुठीत आपले बोट असेच हरवायचे, हे तिला आठवले. पण त्या आठवणीपाठोपाठ धाक आला. ही जागा रोज तिच्याकडे पाहील. ही जागा रोज विचारील. सोमवारी काय झाले होते, कुमू? आणि मंगळवारी?

"घासा," ती म्हणाली.

"बघा हं बाई."

"घासा, चाचा. नवा करा."

चाक फिरू लागले. आधी गुणगुणले, मग घोंघावले. रेझरचा दांडा त्याला लागला तशी ठिणग्यांविना एक करकर उठली, काळी धूळ उडाली, आणि त्या मधाळ, लंबगोल उजेडाची एक कड पुसट झाली.

"थांबा," कुमुदिनी म्हणाली.

ती पुटपुटलीच. चाकाच्या घोंघाटात शब्द पडला आणि भुगा झाला. चाचांना तिचे ओठ हललेले दिसले असावेत. त्यांनी खटका दाबला, चाक मंदावले.

"काय म्हणालासा?"

बोळात एक सायकल घंटी वाजवत गेली. कुमुदिनीने दांड्याकडे पाहिले. अर्धी जागा गेली होती, अर्धी उरली होती. पुन्हा एकदा अर्धा चेहरा.

"काही नाही," ती म्हणाली. "चालू द्या."

मग तिने पाहिले ते सगळे धुक्यातून पाहावे तसे. खाचा नव्याने उमटल्या. तिन्ही भाग तारेला टांगून आम्लात बुडाले, पाण्यात बुडाले, आणि शेवटी त्या हिरव्या, गर्द, निश्चल हौदात उतरले. हिरवाईने त्यांना पोटात घेतले. पृष्ठभाग हलला, आणि पुन्हा आरशासारखा मिटला.

"आठ दिसांनी या," चाचा म्हणाले.

आठ दिवसांनी ती गेली. रेझर चकाकत होता. चांदण्याचा तुकडा असावा तसा चकाकत होता. कुठे डाग नाही, कुठे ओरखडा नाही, कुठे कोणी नाही. दांड्यावरून तिचा अंगठा फिरला, सगळीकडून सारखा फिरला, कुठेच थांबला नाही. ओळखीच्या घरात शिरावे आणि सगळ्या भिंती कोऱ्या दिसाव्यात, तसे तिला झाले.

"झाला मनासारखा?"

"छान झालाय, चाचा."

"छान झालाय. खरं तुमचं मन भरलं न्हाई."

"तुम्ही सांगितलं होतं."

"सांगितलं हुतं," चाचा म्हणाले. त्यांनी समजूत घातली नाही, आणि त्याबद्दल तिला बरे वाटले.

संक्रांतीच्या दिवशी तिळगूळ घेऊन ती तात्यांकडे गावाला गेली. रेझर पिशवीत होता. का घेतला, तिने स्वतःला विचारले नाही.

तात्या अंगणात, बाजेवर, उन्हाला पाठ देऊन बसले होते. वय ब्याऐंशी, पाय थकलेले, जीभ ताजी. गालांवर चार दिवसांची पांढरी वाढ, आणि तिच्यावर ऊन पडून कडा रुपेरी झालेल्या. कुमुदिनी पाया पडली, तिळगूळ दिला. आणि वर पाहताना तिला धक्का बसला. तीच गालफडे. तोच हनुवटीचा खळगा. दोन वर्षांनी धाकटे होते तात्या. आता ते आबांच्या त्या शेवटच्या वयाला येऊन पोचले होते.

"तात्या," ती म्हणाली, "मी करू तुमची दाढी?"

"तू?" तात्यांनी डोळे बारीक केले. "येतीया व्हय तुला?"

"नाही."

"आणि शिकायला माझंच त्वांड घावलं व्हय!"

तात्यांची सून शालन दारात तांदूळ निवडत होती. ती खळखळून हसली. "करू द्या की मामंजी. वन्सं, पाणी ठेवते हं ऊन."

पाणी आले. साबण आला. कुमुदिनीने नवे पाते घातले, फिरकी आवळली. ब्रशने फेस केला आणि तो तात्यांच्या गालांवर, हनुवटीवर, ओठांवर हलक्या हाताने पसरला. एकेक सुरकुती झाकली गेली. तात्या झाकले गेले. फेसाच्या त्या शुभ्र आवरणाखाली आता दोन मिटलेले डोळे आणि चेहऱ्याची नुसती ठेवण उरली. घराण्याची ठेवण. आबांची ठेवण.

पहिला हात तिने कानाजवळून खाली ओढला. खर्र, असा बारीक, कोरडा, ओळखीचा आवाज झाला. लहानपणी अंथरुणातून रोज ऐकलेला आवाज. फेसातून एक गव्हाळ वाट उघडली.

अंगण शांत होते. पत्र्यावर साळुंक्या चालत होत्या. तात्यांनी डोळे न उघडताच विचारले:

"दादाची केलीस का कधी?"

तिचा हात थांबला.

"नाही."

"एकदा बी न्हाई?"

"आबांनी हा रेझर माझ्या हातात दिला होता, तात्या. बोटं मिटवली होती माझी. मी म्हटलं, उद्या. तीन दिवस म्हटलं, उद्या."

हे तिने आजवर कोणालाच सांगितले नव्हते. उन्हात, अंगणात, वाटीतल्या फेसाशेजारी ते शब्द पडले, आणि ते किती थोडे होते हे ऐकून ती स्वतःच दचकली.

तात्यांचे डोळे मिटलेलेच होते. गालावरचा फेस हळूहळू विरत होता, त्याचे बुडबुडे सुईने टोचावेत तसे फुटत होते.

"मला वाटलंच हुतं कायतरी," शेवटी ते म्हणाले. "त्या दिशी तू सारखी दत्ताच्या हाताकडं बघत हुतीस. दादाकडं न्हाई."

तिने मान खाली घातली. तिच्या डोळ्यांतून एक थेंब तात्यांच्या खांद्यावरच्या टॉवेलवर पडला. तात्यांना तो कळला की नाही, कोण जाणे. त्यांनी हनुवटी वर उचलली, मान ताणली, गळा तिच्या हवाली केला.

"कर पुढं. हितं खाली सांभाळून. आमची कातडी हितं सैल असती. दादाची बी हुती."

कुमुदिनीने डाव्या हाताची दोन बोटे त्यांच्या गळ्यावर टेकवली. सैल, उबदार, मऊ कातडी. तिच्याखाली नाडीचे संथ ठोके. तिने कातडी हलकेच ताणली, श्वास धरला, आणि रेझर वर ओढला. एकदा. दोनदा. हनुवटीखालून, खळग्याजवळून, जिथे तो काप पडला होता नेमके तिथून. पाते घसरले नाही. रक्ताचा ठिपका नाही.

मग कोमट पाणी. मग ओला टॉवेल. तात्यांनी गालांवरून हात फिरवला, उलटा फिरवला, पुन्हा फिरवला.

"लोण्यागत झालं की ग! शालन, आरसा आण."

शालन आरसा आणायला आत गेली. आणि कुमुदिनीने ओट्यावरच्या चुलीकडे पाहिले. पाणी उतरवून शालनने चुलीवर चहा चढवला होता. त्याला आता कुठे उकळी फुटत होती.

एवढेच होते.

एवढेच होते ते! थोडे ऊन पाणी, थोडा फेस, दोन बोटांचा आधार. चहाला उकळी फुटावी इतका अवधी. ज्याला ती पर्वत समजून टाळत राहिली, तो उंबऱ्याएवढा होता. फार अवघड होते म्हणून राहिले, असे स्वतःला सांगण्याची सोयही आता उरली नाही. सोपे होते. फार सोपे होते. आणि ते झाले नव्हते.

"ह्यो हितंच ऱ्हाऊ दे," तात्या रेझरकडे बोट करून म्हणाले. "आणि तू येत जा. ऐतवारी ये, बुधवारी ये. काय म्हणतीस?"

"येईन, तात्या," ती म्हणाली. आणि मग: "परवाच येते."

तिने रेझर खळखळून धुतला, पुसला आणि तात्यांच्या कोनाड्यात, चष्म्याशेजारी ठेवला.

परतीची एसटी निघाली तेव्हा दिवस कलला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस तुटून गेला होता. शेतेच्या शेते भुंडी, मोकळी, नुकती उघडी पडलेली. पाचटाचा निळसर धूर जमिनीलगत लोळत होता, आणि ऊसतोड टोळ्यांच्या गाड्या भरून कारखान्याच्या वाटेला लागल्या होत्या. खिडकीच्या गजाला डोके टेकून कुमुदिनी पाहत होती.

आणि वळणावर, त्या सगळ्या कापलेल्या शिवारात, उसाचा एक फड उभा होता. एकटाच. त्याच्यावर तुरे आले होते. पांढरे, रेशमी, दाट. मावळतीचा अखेरचा उजेड त्यांच्या टोकाटोकांवर अडकला होता. वारा त्यांच्यावरून हात फिरवत होता, हळुवार, उशिराचा हात. तुरे झुकत होते, उठत होते, पुन्हा झुकत होते. बस पुढे गेली. मागे सांज उतरली. आणि त्या सांजेत तो फड तसाच उभा होता: पांढरा, निमूट, वाट पाहणारा; तोडायचा राहिलेला, राहून गेलेला.